पायाशी गुंडाळलेली शेपटी

१३ ऑगस्ट २०२४, मंगळवार

ही वही ह्यांच्या ऑफिसची. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले तेव्हा अशा पाच डायऱ्या घरी आल्या, सगळ्या २०१८ च्या. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून मी खोडून खरा वार लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही, बोलायची आहे. पण घरात ऐकायला कुणी तयार नाही. हे पेपर तोंडासमोर धरून बसतात आणि अक्षरा म्हणते, "मम्मा, प्लीज, बार-बार वही बात." जन्म चंदीगडचा, मराठी कळतं सगळं, पण उत्तर हिंदीत. म्हणून वही.

झालं असं की देवू परवा जेवायला आला नाही. देवू म्हणजे माझा धाकटा भाऊ देवदत्त. डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागाचा मुख्य आहे, झिरकपूरला भाड्याने एकटा राहतो. बायको जाऊन सात वर्षं झाली, मूलबाळ नाही. बारा वर्षांत त्याचा एक रविवार चुकलेला नाही. साडेबाराला बेल वाजायची, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि आत आल्या आल्या, "ताई, आमटीला चिंच जास्त झालीय, जिन्यात वास येतोय."

रविवारपासून फोन बंद. काल आम्ही दोघं झिरकपूरला गेलो. घरमालक सरदारजी म्हणाले, "जी, वो तो शुक्रवार को चले गए. गाड़ी आई थी." कुणाची गाडी, कुठे गेली, त्यांना काही ठाऊक नाही. पलंग, गॅस, कुकर जिथल्या तिथे. कपडे आणि आईचा फोटो तेवढा नेलाय.

मला न सांगता गेला. लहानपणी शेंबूड पुसला त्याचा मी. एक फोन करायला काय झालं होतं?

१५ ऑगस्ट, गुरुवार

पोलीस चौकीत तक्रार घेतली नाही. आधी घेत होते, मग आतून फोन आला आणि हवालदाराने कागद परत माझ्यापुढे सरकवला. संध्याकाळी एक मुलगी घरी आली, साध्या सलवार-कमीजमध्ये. सब-इन्स्पेक्टर हिमानी ठाकूर. सिमल्याकडची असावी, बोलणं मऊ. चहा घेतला आणि सांगितलं इतकंच, "आंटी जी, वो सेफ हैं. इससे ज़्यादा मत पूछिए. और किसी से पूछिएगा भी मत."

सेफ म्हणजे काय? कुणापासून?

ती गेल्यावर ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. म्हणाले, "त्या खोकल्याच्या औषधाचं प्रकरण आहे. लहान मुलं दगावली ना, ते. कंपनीने तपासणीचे आकडे बदलायला लावले होते. खरे आकडे देवदत्तकडे होते, त्याने ते मॅजिस्ट्रेटसमोर दिले. तो साक्षीदार आहे, नीला. अशा माणसाला सरकार दुसरीकडे नेऊन ठेवतं."

मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? म्हणाले, पेपरात येतंच की. मी गेल्या महिन्याभराची रद्दी काढून बघितली. मुलांचं आलंय. देवूचं कुठेच नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा. नारळीभात केला, कुणी खाल्ला नाही.

बाल्कनीत देवूचा गणपती आहे. दर वर्षी श्रावणाच्या सुमारास तो आमच्याच बाल्कनीत शाडूची मूर्ती करतो. देवरुखला आमच्या शेजारी गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्तींचा कारखाना. शाळा सुटली की तो तिथेच. हात फार गोड आहे त्याचा. या वेळी चार तारखेला अंग, सोंड, हात सगळं झालं. उंदीर राहिला. "उंदीर पुढच्या रविवारी. तोवर फडकं ओलं ठेव, ताई, वाळू देऊ नकोस," म्हणाला. त्या दिवशी हा आणि हे बाल्कनीचं दार लावून तासभर बोलत बसले होते. मला वाटलं, मातीबद्दल चाललंय.

रोज सकाळी फडकं भिजवते. दात घासायच्या आधी.

त्याचा उंदीर आपण ओळखावा असा असतो. मी तेरा वर्षांची होते, तो नऊ. घरच्या पूजेची मूर्ती, चतुर्थीच्या आदल्या रात्री माझा धक्का लागून पाटावरून घसरली. डावा पाय घोट्यापाशी तडकला. भाऊंचा, म्हणजे वडिलांचा, मार म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. मी रडायलाही विसरले. देवूने मूठभर माती आणली, उंदीर उचलून पायाशी नेला आणि त्याची शेपटी लांब करून घोट्याभोवती दोन वेढे दिले. तडा झाकला गेला. सकाळी भाऊ म्हणाले, "हे काय नवीन?" हा म्हणाला, "उंदराने बाप्पाला धरून ठेवलंय, जाऊ नये म्हणून." सगळे हसले. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक गणपतीच्या डाव्या घोट्याला शेपटीचे दोन वेढे. तडा कसला होता ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यानेही आणि मीही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज शंतनू आला होता. देवूच्याच हाताखाली होता कारखान्यात, आपल्या इथल्या मराठी मंडळातला, लातूरचा. पिन्नीचा, म्हणजे इथल्या कणकेच्या लाडवांचा, डबा घेऊन आला. "काकू, सरांचं काही कळलं का? आम्हाला फार काळजी वाटते हो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला भरून आलं. सख्खी माणसं तोंडाला कुलूप लावून बसलीत आणि हा परका विचारायला येतो. जाताना म्हणाला, "काही समजलं तर मला नक्की सांगा, काकू. कितीही लहान गोष्ट असू दे."

हे त्याच्याशी धड बोललेही नाहीत. मी नंतर फैलावर घेतलं. माणसाने इतकं तुसडं असू नये.

२७ ऑगस्ट, मंगळवार

मंडळातले देवेंद्र वकील आहेत, हायकोर्टात. ह्यांना न सांगता कॅपिटल कॉम्प्लेक्सला गेले, त्यांना कँटीनमध्ये गाठलं. म्हटलं, कोर्टाला सांगा, माझा भाऊ मला दाखवा. ते चहात चमचा फिरवत राहिले. "वहिनी, अर्ज करता येईल. पण अर्जात त्याचं नाव येणार, तुमचं येणार, तारीख येणार, समोरच्या वकिलाला प्रत जाणार. नीट विचार करा." मी म्हटलं, विचारच करतेय दोन आठवडे. ते म्हणाले, "अजून करा."

सगळे एकाच सुरात. मला वाटतं, देवूचं खरंच काहीतरी वाईट झालंय आणि हे सगळे मिळून माझ्यापासून लपवतायत. सेफ, सेफ म्हणतात. जिवंत माणूस असेल तर चार शब्द पाठवायला बंदी असते का?

३० ऑगस्ट, शुक्रवार

फडकं काढलं. आता वाळायला हवी, नाहीतर चतुर्थीला मूर्ती ओलीच राहील. काढताना हात धजत नव्हता. तो येईल आणि उंदीर करेल, म्हणून इतके दिवस भिजवत होते. ह्यांनी शेवटी येऊन फडकं हातातून घेतलं.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

रात्री लिहीन म्हटलं होतं, पण आत्ताच लिहिते.

सकाळी मूर्ती बसवली. उरलेल्या मातीचा उंदीर मीच केला. बटाट्यासारखा झाला, शेपटी तीनदा तुटली. शेवटी बिनशेपटीचाच पायाशी ठेवला. आरती मी अर्ध्यात सोडली, पुढची ह्यांनीच म्हटली.

दुपारी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांचे गणपती यायला लागले. मेघनाचा आला. मेघना म्हणजे कर्नलसाहेबांची बायको. तीन वर्षं इथे चंडीमंदिरच्या छावणीत होते, यंदा बदली होऊन जबलपूरला गेले. फोटो मोठा करून बघितला आणि काळजात लख्ख झालं. शाडूची मूर्ती, रंग न दिलेली. डाव्या पायाशी उंदीर. शेपटीचे घोट्याला दोन वेढे.

मी काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, कारण इतका आनंद परत कधी होईल ठाऊक नाही. "मेघना, हा माझ्या देवूच्या हातचा गणपती आहे! शेपटी बघून ओळखला, जगात दुसरं कुणी अशी करत नाही. कुठे मिळाला? कोण करतं? पत्ता पाठव." तिने लगेच लिहिलं की बाजारामागे एक विलासराव म्हणून नवीन गृहस्थ राहायला आलेत, एकटेच असतात, शेजाऱ्यांच्या आग्रहाने दोन मूर्ती केल्या. फार कमी बोलतात. गल्लीचं नावही लिहिलं.

कमी बोलतात म्हणे. माझा देवू!

दोनशे चौदा माणसं आहेत ग्रुपवर. हृदयं आली, हात जोडलेले आले, चित्राने "बाप्पानेच भेट घडवली" लिहिलं. शंतनूनेही अंगठा दाखवला. त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं, बिचारा इतका काळजीत होता.

हे बाहेर फुलं आणायला गेलेत. आल्यावर सांगते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ह्यांनी फोन हातात घेतला आणि वाचलं. इतकी वर्षं झाली लग्नाला, हे माझ्यावर ओरडलेले मला आठवत नाही. आजही ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पुसून टाक. आत्ता." मी म्हटलं, सगळ्यांनी वाचलंय आता, काय उपयोग? ह्यांनी हिमानीचा नंबर लावला. नंबर ह्यांच्याकडे होता, हे मला आज कळलं.

८ सप्टेंबर, रविवार

मेघनाला फोन करते, ती उचलत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

विसर्जन. आम्ही बादलीतच करतो, शाडू रात्रीत विरघळतो, मग माती तुळशीला. बटाट्यासारखा उंदीर आधी विरघळला.

ह्यांनी मला चार दिवस काही विचारलेलं नाही. जेवतात, पेपर वाचतात. मीही विचारत नाही. भीती वाटते काय उत्तर येईल याची.

१४ सप्टेंबर, शनिवार

हिमानी आली होती. आज चहा घेतला नाही.

आठ तारखेला सकाळी दोन माणसं त्या गल्लीत आली. हातात गणपतीच्या फोटोचा छापील कागद होता. दुकानादुकानात तो दाखवून विचारत होती, हे कोण करतं. "रात को ही हमने उन्हें निकाल लिया था," हिमानी म्हणाली. "चंद्रकांत जी का फ़ोन वक़्त पर आ गया. पाँच-छह घंटे का फ़र्क़ रहा, आंटी जी." चंद्रकांत जी म्हणजे हे.

मी जमिनीकडे बघत होते. फरशीवर गुलालाचा एक ठिपका राहिला होता, पायाने तो पुसत राहिले.

मी विचारलं, ठीक आहे ना तो? म्हणाली, ठीक आहेत. मग तिने सांगितलं, "अब वो मूर्ति नहीं बनाएँगे. मना कर दिया है. कहीं भी, कभी भी."

नऊ वर्षांचा असल्यापासून करतो तो. बायको गेली त्या वर्षीसुद्धा केली होती. खटला म्हणे दोन वर्षं चालेल, पाचही चालेल, आणि संपला तरी ती माणसं संपत नाहीत.

उठताना ती बोलली ते शब्द जसेच्या तसे लिहिते. "आंटी जी, वो लोग उन्हें नहीं ढूँढ रहे. वो आपको देख रहे हैं. जब तक आप ढूँढेंगी, वो आपके पीछे-पीछे पहुँच जाएँगे." दारापर्यंत गेली आणि परत वळली. "मुझे बताना नहीं चाहिए. उनसे पूछा था, पता कैसे चला होगा. उन्होंने फ़ोटो देखी और समझ गए. बोले, मेरी बहन को कुछ मत कहिएगा. ग़लती मेरी है, शेपटी मैंने बनाई."

शेपटी हा शब्द तिने तसाच म्हटला. तिला अर्थ ठाऊक नसावा.

तिच्यामागे दार लावलं आणि मी तिथेच बसले. पन्नास वर्षं होत आली, आणि माझ्या हातून फुटलेलं हा अजून स्वतःवर घेतोय. मी खूप रडले. ह्यांनी पाणी आणून दिलं.

मग विचारलं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं? म्हणाले, "चार ऑगस्टला मला सांगून गेला. तुला सांगू नका म्हणाला."

"मी रडेन म्हणून?"

"नाही. तू शोधशील म्हणून."

२ ऑक्टोबर, बुधवार

शंतनू कारखान्यात देवूच्या जागेवर बसला. चित्राकडून कळलं. नवीन गाडीही घेतली म्हणाली. त्याने आणलेल्या पिन्न्या आम्ही सगळ्या खाल्ल्या होत्या. डबा परत द्यायचा राहिलाय, ओट्याखाली आहे.

ह्या माणसाशी हे तुसडेपणाने वागले म्हणून मी ह्यांना बोलले होते.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सोनं द्यायला मंडळात गेलो. जो तो जवळ येऊन हळूच विचारतो, "भाऊ भेटले का हो जबलपूरला?" चित्राने तर सगळ्यांसमोर विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. शंतनू चार पावलांवर आपट्याची पानं वाटत होता, मान वळवून ऐकत होता. मला भेटला, वाकून नमस्कार केला. "काकू, मग पुढे काही कळलं का?" मी सोनं दिलं. म्हटलं, नाही रे.

तेव्हा लक्षात आलं की नुसतं गप्प राहून भागत नाही. मी गप्प बसले तरी माझ्या तोंडावर दिसतं की मी वाट बघतेय. वाट बघणारी बहीण दिसली की त्यांना कळतं, भाऊ आहे आणि आज ना उद्या हिला काहीतरी कळवेल.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

चकल्या केल्या. देवूला कडक लागतात, तशाच झाल्या. सवयीने दोन डबे भरले, मग दुसरा रिकामा केला.

ह्यांना विचारलं, भाऊबीजेला मंडळाचा फराळ आहे, जाऊ या ना? हे म्हणाले, तुला झेपेल का? म्हटलं, झेपवीन. काय करणार आहे ते सांगितलं नाही. ह्यांनीही चार तारखेचं मला सांगितलं नव्हतं.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

शेवटचं लिहितेय. ही वही आज रात्री बादलीत भिजत घालणार आहे, शाडूसारखी. सकाळी लगदा तुळशीला.

मंडळाचा हॉल भरला होता. खाली रांगेने पाट मांडलेले, बहिणी भावांना ओवाळत होत्या. ज्यांचे भाऊ गावाकडे त्यांनी व्हिडिओ कॉल लावून फोनला ओवाळलं, हसाहशी चालली होती. चित्राने मला बघितलं आणि म्हणाली, "नीलाताई, देवदत्तांचं काय मग? फोन तरी लावा."

शंतनू तिथेच, तिसऱ्या पाटावर. त्याच्या बहिणीने नुकतंच कुंकू लावलं होतं.

मी म्हटलं, "मला भाऊ नाही."

चित्रा हसली, तिला थट्टा वाटली. मग मी आवाज चढवला. तो मला चांगला चढवता येतो. म्हटलं, "जबलपूरला जाऊन आले मी. तो नव्हताच तिथे, दुसराच कुणी म्हातारा होता. लाज वाटली मला. आणि आमच्या साहेबांना बहिणीची एवढी आठवण असती तर आईच्या घराच्या वाटणीवरून कोर्टात खेचायची धमकी दिली नसती. जाताना मला काय काय बोलून गेलाय ते तुमच्यासमोर सांगायची सोय नाही. मेला माझ्या लेखी. परत त्याचं नाव माझ्यापुढे काढू नका."

देवरुखचं घर आम्ही भाऊ गेल्यावर दोघांनी मिळून शाळेला देऊन टाकलं, त्यालाही नऊ वर्षं झाली. हे इथे कुणाला माहीत नाही.

मग मी तबक उचललं. भाऊ नसलेल्या बायका आज चंद्राला ओवाळतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आजवर मंडळात फक्त निधी ओवाळायची, ती एकुलती एक. मी तिला म्हटलं, चल, मी येते. आम्ही गच्चीवर गेलो. मागून पाच-सात बायका आल्या, शंतनूही मोबाइल हातात घेऊन जिन्याच्या दाराशी उभा राहिला. त्याने बघावं असंच मला वाटत होतं.

सहा वाजत होते. बीजेची कोर लवकर मावळते, पण आज पराळीच्या, म्हणजे शेतात जाळलेल्या भाताच्या पेंढ्याच्या, धुराने पश्चिम सगळी पिवळट झाली होती. घसा खवखवत होता. निधी म्हणाली, "काकू, चंद्र दिसतच नाहीये." म्हटलं, असेल तिथेच. जिथे असायला हवा तिकडे तोंड केलं आणि ओवाळलं. सुपारी फिरवली, अक्षता टाकल्या, त्या खाली पार्किंगमध्ये पडल्या. हात स्थिर होता. मनात काय म्हटलं, ते या वहीतसुद्धा लिहीत नाही.

खाली आल्यावर चित्राने मला जवळ घेतलं. "सोडा हो, असतात असे भाऊ." मी मान डोलावली. माझ्या देवूबद्दल.

परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा ह्यांनी हात माझ्या हातावर ठेवला आणि सिग्नल सुटला तरी उचलला नाही, मागचे हॉर्न वाजवत होते.

घरी आल्यावर अक्षरा माझ्या खोलीत आली. हॉलमधलं तिच्या कानावर आलं होतं. मग तिने विचारलं, आणि या वेळी चक्क मराठीत. "आई, खरंच मामाने तुला कोर्टात खेचायची धमकी दिली?"

मी म्हटलं, "हो."

तिने कपाट उघडलं. मामाने तिला बारावीला दिलेलं घड्याळ ती रोज वापरते. ते मनगटावरून काढलं, पेटीत ठेवलं आणि पेटी मागे सरकवली.

तिचा विश्वास बसला. म्हणजे बाकीच्यांचाही बसला असेल.